तर्रीतून गेलेला हिरवा ठिपका

भांडणानंच सुरुवात झाली. मे महिना, संध्याकाळचे साडेसात, कूलरच्या टाकीत पाणी सोडायला मी मागच्या अंगणात आले, तर दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या चादरीवर एक हिरवा ठिपका नाचून राहिलेला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग त्याच्या मागे एक लाल.

"कोण पोट्टं आहे रे?" मी ओरडले.

भिंतीपलीकडे खुसखुस. मग काकूंचं डोकं वर आलं. आमच्या दोन प्लॉटांच्या मधली भिंत छातीएवढी आहे आणि एका जागी तिच्या वरच्या दोन विटा पडलेल्या आहेत. त्या गेली अकरा वर्षं कोणी बसवलेल्या नाहीत, कारण सांबाराची जुडी, वाटीभर साखर आणि कॉलनीच्या बातम्या तिथूनच ये-जा करतात.

"रागावू नको गं बाई. पुण्याहून नातू आला ना. त्याच्या बापानं हे खेळणं घेऊन दिलं. एक नाही, दोन. मी म्हटलं, कोणाच्या डोळ्यात गेलं म्हणजे? तर आजोबाच त्याला शिकवून राहिले, कसं धरायचं ते."

आजोबा, म्हणजे आमचे काकाजी, निवृत्त प्राध्यापक. सारी नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे घरात बल्ब गेला तरी बदलण्याआधी त्यावर दहा मिनिटं बोलतात. नातवाचं दुःख वेगळंच होतं. त्याला दोन लेझरांची तलवारबाजी करायची होती. टीव्हीवरच्या सिनेमात प्रकाशाच्या तलवारी खणाखण आपटतात, इथे लाल हिरव्यातून आरपार जातो, आवाज नाही, धक्का नाही.

"धडकतच नाही आजोबा!"

"नाहीच धडकणार," काकाजी म्हणाले. "हवेत एक प्रकाश दुसऱ्याला ओळखतसुद्धा नाही. ह्याच्यातून तो निघून जातो, जसा काही तिथं कोणी नव्हताच."

"माझं बोलणं तुमच्यातून जाते तसं," काकू म्हणाल्या.

काकाजींनी ते हवेतल्यासारखंच जाऊ दिलं. मग भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, "पण मध्ये एखादा चुगलखोर असला, तर मामला वेगळा."

आता काकूंनी पाण्याची नळी खाली ठेवली. चुगलखोर म्हटलं की काकूंचं झाडांकडे लक्ष राहत नाही. "कोण?"

काकाजींचं म्हणणं असं. प्रकाश प्रकाशाशी थेट बोलत नाही, तो ज्या पदार्थातून जातो त्याच्याशी बोलतो. काच, तेल, स्फटिक, काहीही. एक किरण जाताजाता त्या पदार्थात थोडा फेर करतो. दुसरा किरण मागून किंवा शेजारून येतो, तो पदार्थाच्या बदललेल्या रूपातून जातो आणि त्याची चाल बदलते. म्हणजे पहिल्यानं दुसऱ्याला हात लावला नाही, नावही घेतलं नाही. मधल्यानं सांगितलं.

"म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या—"

"नाव नको," मी म्हटलं. खिडक्या उघड्या होत्या.

फेर कसला, ते समजायला त्यांनी आम्हाला वर्धा रोडवर नेलं, म्हणजे बोलण्यातच. दुपारी दोन वाजता विमानतळाकडे जाताना पुढं डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं ना? नागपूरकराला हे सांगावं लागत नाही. २०१३च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ला गेला होता, तेव्हा तर अख्खा रस्ता तलाव झाला असेल. तिथं पाणी नसतं, आकाश असतं. डांबराला लागून असलेली हवा तापून विरळ होते, वरची त्या मानानं थंड आणि दाट. प्रकाश विरळाकडून दाटाकडे झुकतो. म्हणून आकाशाचा उजेड रस्त्याजवळ येऊन पुन्हा वर वळतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. "आता असं समजा," काकाजी म्हणाले, "की डांबर उन्हानं नाही, त्या किरणानंच तापवलं. म्हणजे आपली वाट आपणच वाकडी करून घेतली."

"हे दिसते का कुठं?" मी विचारलं. मला असल्या गोष्टी दिसल्याशिवाय पटत नाहीत.

"तुमची भिंत देत असाल तर दाखवतो. आणि हिची तर्री."

आता ह्यावरून जे झालं ते भांडण ठिपक्याच्या भांडणापेक्षा मोठं होतं. काकूंची रविवारची तर्री म्हणजे गल्लीतली प्रतिष्ठेची गोष्ट. पोह्यांवर चण्याचा रस्सा आणि वर बोटभर लालभडक तेल. त्या तेलात आख्खं नागपूर आहे. ते तेल लेझरला द्यायचं? पण काकाजींचं गणित सरळ होतं. मिरचीचा लाल रंग हिरवा उजेड खातो आणि लाल उजेड सोडून देतो. म्हणून तर तो लाल दिसतो. आणि तेल तापलं की पाण्यापेक्षा चटकन विरळ होतं, शिवाय उष्णता लवकर सोडत नाही. चुगलखोरासाठी याहून चांगली जागा नाही. "बाजारातून रंग आणला असता तर पैसे लागले असते," असंही ते म्हणाले. काकूंना हे कारण पटलं.

रविवारी रात्री प्रयोग झाला. तर्रीवरचं तेल चमच्यानं काढून, दुपारभर निवू देऊन, पातळ कापडातून दोनदा गाळून एका चपट्या अत्तराच्या बाटलीत भरलेलं. बाटली दोन विटांच्या खिंडारात. हिरवा लेझर कपड्यांच्या चिमट्यात, म्हणजे बटण दाबून धरायला माणूस नको. आणि पडदा म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची क्रीम रंगाची मागची भिंत. काकाजींनी आधीच बजावलं की किरणाच्या रेषेत कोणी डोळे आणायचे नाहीत, बसायचंसुद्धा नाही. काकूंना उभंच ठेवलं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. हिरवा आत गेला आणि आतच राहिला. तेल फार गडद. काकू म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, तिखट जास्त झालं." मग साधं तेल घालून ते पातळ केलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि मग भिंतीवर आला. मलूल हिरवा ठिपका, करंगळीच्या नखाएवढा. नातू म्हणाला, "बस, एवढंच?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो ठिपका फुगायला लागला. कोणी हात लावला नाही, कोणी काही हलवलं नाही. एक म्हणेस्तोवर तो रुपयाएवढा झाला, मग वाटीच्या तोंडाएवढा, आणि मध्ये काळं पडून त्याच्याभोवती एक हिरवं कडं उठलं, त्याच्या आत आणखी एक फिकं. विहिरीत खडा टाकल्यासारखं. पण वरून चेपलेलं. खालची बाजू गोल आणि वरची अशी बसलेली, जशी तव्यावर एका बाजूनं न फुगलेली भाकर.

"वर काहून चपटं?" काकूंनीच विचारलं.

"तापलेलं तेल वर चढून राहिलं ना. तुझ्या कढईत चढते तसंच."

तर हे झालं एका किरणाचं स्वतःशीच. मध्ये तापलं, मधलं तेल विरळ झालं, आणि किरण मधून बाहेरच्या थंड, दाट तेलाकडे झुकला. म्हणून पसरला. किरणानं स्वतःच स्वतःसाठी भिंग घडवलं, तेही उलटं, पसरवणारं. आता लालची पाळी.

ही पाळी मात्र अर्धा तास चालली. कारण लाल किरण बरोबर त्याच जागेतून न्यायचा होता आणि आजोबांचा हात थरथरत होता, नातवाला दम नव्हता, आणि मध्येच वीज गेली, ज्याचा आम्हाला फायदाच झाला. शेवटी लाल ठिपका सापडला. भिंतीवर, हिरव्या कड्याच्या शेजारी. आणि तोही फुगलेला! काकाजींनी हिरव्याच्या पुढं तळहात धरला. हिरवं कडं विझलं, आणि लाल हळूच आवळत जाऊन पुन्हा टिचभर ठिपका झाला. हात काढला, पुन्हा फुगला. हात, ठिपका. हात काढला, वाटी. आम्ही चौघं दहा वेळा तेच पाहत राहिलो. तेल लालला अडवतच नव्हतं, लाल स्वतः तेल तापवत नव्हता. त्याचा काही संबंधच नव्हता.

"म्हणजे केलं हिरव्यानं आणि भोगलं लालनं," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, आपल्याशीच, "अगदी आमच्या मोठ्या नणंदेच्या लग्नासारखं." ती गोष्ट मला माहीत आहे, पण ती इथं सांगण्यासारखी नाही.

मला मात्र एक शंका राहिली. सगळी चुगली बिघडवणारीच का? असा कोणी मधला नाही का, जो दोघांना जवळ आणतो?

काकाजी इतके खूश झाले की त्यांनी खुर्ची भिंतीजवळ ओढली. आणि त्यांनी सुरुवात केली ती नागपुरापासूनच.

"चंद्रशेखर वेंकट रामन नागपुरात होते, माहीत आहे? गांधीसागरासमोर रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये झालं, पोट्टे तिथं सहलीला जातात, पण त्यांना हे कोणी सांगत नाही. वित्त खात्याची परीक्षा देऊन १९०७ साली ते सरकारी हिशेबनीस झाले. कलकत्ता, मग रंगून, मग १९१० मध्ये नागपूर. असिस्टंट अकाउंटंट जनरल. वय एकवीस-बावीस. पुढच्या वर्षी परत कलकत्त्याला."

"आणि इथंच तो शोध?"

"नाही नाही. तो कलकत्त्याला, २८ फेब्रुवारी १९२८. नोबेल १९३०. द्रवातून गेलेल्या उजेडात थोडा उजेड वेगळ्या रंगाचा निघतो, हा तो शोध. पण ऐका, मजा पुढं आहे. हिशेबनिसाच्या नावाचा एक हिशेब पुढं जुळेना."

ही गोष्ट त्यांनी खरोखरच भानगड सांगावी तशी सांगितली. १९६२ साली अमेरिकेत ह्यूजेस कंपनीत वुडबरी आणि एनजी हे दोघं माणिकाच्या लेझरवर काम करत होते. लेझरच्या वाटेत नायट्रोबेंझिन भरलेली एक पेटी होती, लेझरला झटका देण्यासाठी. बाहेर पडणाऱ्या उजेडात एक परका रंग आला, अवरक्त. तो कुठून? तर रामनच्याच परिणामाचं उग्र रूप. लेझर इतका जोरदार की रामन-उजेड नुसता निघत नव्हता, एकातून दुसरा उपजून वाढत होता. आता हा उजेड किती निघायला पाहिजे याचं गणित लोकांनी मांडलं, आणि काही द्रवांत तो गणितापेक्षा कितीतरी जास्त निघायला लागला. खात्यात जमा जास्त, पावती कमी. ऑडिट लागलं असतं तर नोकरी गेली असती.

"मग चोर कोण?"

"चोर नाही, साठेबाज. किरण आत जाऊन स्वतःला आवळून घेत होता! गणित धरलं होतं रुंद किरणाचं, आणि आत तो सुतासारखा बारीक झालेला. तेवढ्याशा जागेत एवढा उजेड दाटला की रामन-उजेड भरमसाट निघणारच. हे १९६५च्या सुमारास ध्यानात आलं. तेव्हा रामन हयात होते, बंगलोरला."

किरण स्वतःला आवळून घेऊ शकतो, हे मात्र आधीच कोणी म्हणून ठेवलं होतं. १९६२ मध्ये रशियात अस्कार्यान यांनी, आणि १९६४ मध्ये अमेरिकेत टाउन्स यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर. हे टाउन्स म्हणजे त्याच वर्षी लेझरच्या मूळ कल्पनेसाठी नोबेलात वाटेकरी झालेले. विद्यार्थी रेमंड चिआओ आणि एल्सा गारमायर.

"पोट्टी होती?" काकूंनी मध्येच विचारलं. "तेव्हा?"

"होती. आणि १९६६ साली कार्बन डायसल्फाइडमध्ये करून दाखवणाऱ्यांतही होती."

"बघ," काकू मला म्हणाल्या. त्यांना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी लग्नासाठी उठवलं होतं.

कार्बन डायसल्फाइड हा तर्रीच्या उलट स्वभावाचा चुगलखोर. त्याचे रेणू काडीसारखे. जोरदार उजेड आला की काड्या त्याच्या लाटेच्या डोलण्याच्या दिशेनं रांगेत लागायला बघतात, आणि तिथला पदार्थ प्रकाशासाठी जास्त दाट होतो. किरण मध्ये सर्वांत प्रखर, म्हणून मध्ये सर्वांत दाट. झालं भिंग तयार, गोळा करणारं. आता मूळ गोष्ट अशी की कोणताही किरण आपोआप पसरतोच, टॉर्चचा असो की लेझरचा. पसरण्याची ओढ बाहेर, भिंगाची ओढ आत. दोन्ही बरोबर जुळल्या की किरण न पसरता, न आवळता, आपणच खोदलेल्या नळीतून सरळ जातो. स्वतःच्या उजेडात स्वतः कोंडलेला. इंग्रजीत याला सॉलिटॉन म्हणतात.

"जुळल्या तर," ते म्हणाले. "साध्या द्रवात हे जुळणं म्हणजे बर्फीचा पाक. एकतारी म्हणेपर्यंत दोनतारी होते. थोडा जोर कमी, किरण पसरला. थोडा जास्त, कोसळला, बारीक होत होत पदार्थालाच भाजून ठेवतो." म्हणून पुढच्यांनी असे स्फटिक शोधले की ज्यांचा दाटपणा एका मर्यादेनंतर वाढायचाच थांबतो. तिथं किरण शहाण्यासारखा राहतो.

जोर किती लागतो, तेही त्यांनी आपल्या हिशेबात सांगितलं. आमच्या चिमट्यातल्या लेझरची ताकद फार तर पाच मिलीवॅट. काचेत किरणानं स्वतःला आवळायला दोन-चार मेगावॅट लागतात. साध्या हवेत तीनेक गिगावॅट, म्हणजे कोराडीच्या वीजकेंद्राचे सगळे संच जोडले तरी पुरायचे नाहीत. गंमत म्हणजे किरण जाड की बारीक याला महत्त्व नाही, एकूण ताकद महत्त्वाची. आणि ही ताकद क्षणभरच पाहिजे, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागाहून कमी वेळ. म्हणून ती टेबलावरच्या यंत्रातून निघते, आणि कोळसा लागत नाही.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे झालेलं आहे. धर्माधिकारी, माथुर आणि त्यांचे सहकारी, २००४. बेरियम फ्लोराइडचा पारदर्शक स्फटिक, त्यात अशी क्षणिक ठिणगी सोडली की ती आत आवळून सुतासारखी बारीक होते, आणि जाताना रंगांनी इतकी फुटते की बाहेर पांढरा उजेड येतो. एकरंगी आत, पांढरा बाहेर. जोर वाढवला की एका किरणाची अनेक सुतं होतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्लाझ्मातल्या अशा आवळण्याची गणितं वर्षानुवर्षं चाललेली आहेत. "आपल्याकडे काही होत नाही असं म्हणू नका," असं ते म्हणाले, जरी तसं कोणी म्हटलं नव्हतं.

"पण दोघांचं सांगा ना," मी म्हटलं. मला जवळ आणणारा पाहिजे होता.

दोन आवळलेले किरण शेजारी-शेजारी गेले, तर ते कसे वागतील हे त्यांच्या लाटांच्या तालावर असतं. ताल जुळलेला असेल तर मधल्या जागेत उजेड वाढतो, मधला पदार्थ दाट होतो आणि दोघं एकमेकांकडे झुकतात. ताल उलटा असेल तर मध्ये अंधार, दोघं लांब जातात. आणि दोघांचा तालाशी काही संबंधच नसेल, तर उजेडाची नुसती बेरीज होते, आणि झुकतात मात्र जवळच. १९९७ साली शिह, सेगेव आणि सलामो यांनी एका स्फटिकात असे दोन किरण थोडे तिरपे सोडले. दोघांची एकमेकांकडे ओढ, आणि पुढं जायचा वेग वेगळ्या दिशांना. काय झालं असेल?

"फुगडी!" काकू म्हणाल्या.

काकाजी गप्प झाले. इतकी वर्षं वर्गात शिकवून एकाही विद्यार्थ्यानं हे उत्तर दिलं नव्हतं, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. खरोखर फुगडीच होती. किरण एकमेकांभोवती पीळ घेत पुढं गेले. आणि असल्या स्फटिकाला कोराडी लागत नाही, मायक्रोवॅटवर भागतं, आपल्या खेळण्याच्याही हजाराव्या हिश्शात.

माझ्या शंकेचं खरं उत्तर मात्र पुढं आलं. तर्रीसारख्या पसरवणाऱ्या पदार्थात दोघंही एकटे-एकटे पसरतात. तिथंही एक जण दुसऱ्याला गोळा करू शकतो! हे गोविंद अग्रवाल यांनी १९९० मध्ये लिहिलं. दिल्ली आयआयटीतून १९७४ मध्ये पीएच.डी. झालेले, त्याच साली, जेव्हा तिथल्याच सोधा, घटक आणि त्रिपाठी यांचं स्व-आवळण्यावरचं पुस्तक निघालं. कल्पना अशी की जोरदार किरण डोक्यावर नसून बाजूला असेल, तर पातळ होते ती बाजू, आणि दुबळा किरण उरलेल्या दाट भागाकडे सरकून गोळा होतो. आणि जोरदार किरण चारी बाजूंनी कड्यासारखा असेल, मध्ये अंधार, तर त्या अंधारात दुसऱ्याला सुरक्षित वाट मिळते.

नातवानं लगेच विचारलं, हिरव्या कड्यात लाल कोंडू या? काकाजी म्हणाले, तर्रीत नाही जमणार. कडं तापवलं तरी उष्णता क्षणात आत झिरपते, मधलंही तेवढंच तापतं, मग मध्ये दाट उरत नाही. तेलाला गुपित ठेवता येत नाही.

यावर कॉलनीतल्या केबलचा विषय निघणं साहजिक होतं, कारण महिनाभरापूर्वी एका कंपनीनं आमची गल्ली उकरून तशीच सोडलेली आहे आणि माझ्या स्कूटीचा मागचा टायर तिथं गेला. त्या खड्ड्यातून जी काचेची तार गेली, तिचा उजेड वाहणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉन. केसाच्याही आत. त्यात डझनावारी रंग एकाच वेळी निरोप घेऊन धावतात. काच अगदी कमी चुगलखोर आहे, पण ऐंशी-शंभर किलोमीटर एकत्र चाललं की तीसुद्धा कान भरते. एका रंगाची उसळी दुसऱ्याच्या लाटेला पुढं-मागं ओढते. क्रॉस-फेज मॉड्युलेशन म्हणतात, आणि केबल आखणाऱ्या इंजिनिअरांचं डोकं त्यावर खर्च होतं. "खड्डा बुजवण्यावर नाही," मी म्हटलं.

साडेदहाला हिरव्या लेझरचे सेल संपत आले. कडं फिकं होत होत आधी आतलं गेलं, मग बाहेरचं, आणि शेवटी नखाएवढा ठिपका राहिला, मग तोही नाही. काकूंनी बाटली उचलून हुंगली. "अत्तर आणि तर्री," त्या म्हणाल्या, "हे काही पोह्यावर घालता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, रात्री मागच्या भिंतीवर काय होतं, हिरवं-हिरवं? मी म्हटलं, लेझर, तर्रीतून. तो हो म्हणाला. पुढच्या घरी त्यानं काय सांगितलं मला माहीत नाही. संध्याकाळी कोपऱ्यावर भाजीच्या गाडीवर गेले, तर भाजीवाला वांगी तोलता तोलता आवाज खाली करून म्हणाला, "ताई, तुमच्याच गल्लीत ना? काल रात्री आकाशातून हिरवं चक्र उतरलं म्हणतात, ट्रॅक्टरच्या चाकाएवढं. पोलिसांची गाडी येऊन गेली. तुम्हाला नाही दिसलं?"

मी सांबाराची जुडी घेतली आणि म्हटलं, "दिसलं ना. पण वरून थोडं चपटं होतं."